कोरड्यास जास्त, भाकरी कमी: शुगर-बीपीच्या घरातलं ताट कसं बदलायचं

आमच्याकडं भाकरीबरोबर जे काय खातात त्याला कोरड्यास म्हणतात. भाकरी कोरडी, ती घशाखाली उतरावी म्हणून थोडं कालवण, थोडी भाजी, ताटाच्या कडेला चटणी. म्हणजे शब्दातच सगळं आलं बघा, जेवण म्हणजे भाकरी आणि भाजी नुसती तोंडी लावायला. दोन वर्षांपूर्वी मिस्टरांचा एचबीए१सी, म्हणजे तीन महिन्यांच्या सरासरी शुगरचा आकडा, ८.४ आला तेव्हा मी डॉक्टरांना म्हणलं, अहो आम्ही हॉटेलचं खात नाही, घरचीच ज्वारीची भाकरी, मटण फक्त रविवारी, मग शुगर आली कुठनं? ते म्हणाले, "वहिनी, खाताय ते बरोबर आहे, किती खाताय आणि कशाबरोबर ते बघा." मला राग आला होता, खरं सांगते. घरी आल्यावर वजनकाटा काढला आणि मग राग गेला.

आमचं घर सांगलीत विश्रामबागला, शेत पलूसकडं. घरात चौघं आणि चौघांचं चार तऱ्हेचं. मिस्टरांना शुगर. मामांना, म्हणजे सासऱ्यांना, बीपी आणि किडनी जरा कमजोर, वय ७४. आत्यांचं म्हणजे सासूबाईंचं वजन आणि गुडघे. माझं हिमोग्लोबिन कमी, ९.८. आता चौघांना चार स्वयंपाक कोण करणार, मी सकाळी ट्यूशन घेते. म्हणून एकाच गॅसवर एकच स्वयंपाक आणि ताटात वाढताना फरक, असं बसवत बसवत जे जमलं ते लिहितेय. मी डॉक्टर नाही की डाएटिशियन नाही.

हे फक्त आमच्याच घरात आहे असं पण नाही. २०२३ मध्ये आयसीएमआरचा, म्हणजे सरकारच्या वैद्यकीय संशोधन परिषदेचा, मोठा सर्व्हे आला, त्यात देशात १० कोटींवर लोकांना डायबेटीस आणि साडेतेरा कोटी लोक उंबरठ्यावर असा आकडा होता, आणि मोठ्या माणसांत साधारण तिघांत एकाला बीपी. आमच्या गल्लीत मोजलं तरी तेवढंच भरतंय.

आधी रिपोर्ट, मग स्वयंपाक

मी हे उलटं केलं आणि त्याचा फटका बसला, ते खाली सांगते. तुम्ही ताट बदलायच्या आधी एचबीए१सी, उपाशीपोटीची शुगर, कोलेस्टेरॉल, क्रिएटिनिन (किडनी कशी चालते ते यात कळतं), पोटॅशियम, हिमोग्लोबिन आणि बी १२ एवढं करून घ्या. एचबीए१सी ५.७ च्या खाली नॉर्मल, ५.७ ते ६.४ उंबरठा, ६.५ पासून पुढं डायबेटीस. उपाशीपोटी १०० च्या खाली नॉर्मल आणि १२६ पासून डायबेटीस. बीपी घरच्या मशीनवर आठवडाभर सकाळ-संध्याकाळ घेऊन वहीत लिहा, दवाखान्यात एकदा बघून काय कळत नाही, मामांचं तर डॉक्टरांचा कोट बघूनच वीसनं वाढतंय.

आणि तिघांनी तरी डॉक्टरांना विचारल्याशिवाय काही सुरू करू नये: इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइडसारखी शुगर खाली आणणारी गोळी चालू असलेले, किडनीचा त्रास असलेले, आणि वॉरफॅरिन ही रक्त पातळ करायची गोळी घेणारे. वॉरफॅरिनवाल्यांनी पालेभाजी एकदम वाढवली तर त्यातल्या 'के' व्हिटॅमिनमुळं गोळीचा असर कमी होतो, त्यांना रोज साधारण तेवढीच भाजी ठेवावी लागते.

भाकरी काट्यावर ठेवली

तीन दिवस काहीही न बदलता फक्त मोजायचं. हे कंटाळवाणं आहे पण सगळ्यात जास्त डोळे यानंच उघडतात. आत्या एका भाकरीला पीठ घेतात ते परातीतनं काढून मी काट्यावर ठेवलं तर ९० ग्रॅम. आत्या म्हणाल्या, "एवढीच तर असती भाकरी, आता काय चांदोबाएवढी करू?" ज्वारीच्या ९० ग्रॅम पिठात साठेक ग्रॅम कार्ब असतं. मिस्टर दुपारी अडीच भाकरी, रात्री दोन आणि वर भात, सकाळी पोहे. सगळं धान्य मिळून सव्वापाचशे ग्रॅम झालं, आणि भाजी दिवसभरात १२० ग्रॅम. त्यातली निम्मी बटाटा.

आता हैदराबादच्या एनआयएन म्हणजे राष्ट्रीय पोषण संस्थेनं २०२४ मध्ये जे आहाराचे नियम काढलेत त्यात २००० कॅलरीच्या दिवसाला धान्य २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, डाळी-कडधान्य ८५ ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, शेंगदाणे-तीळ वगैरे ३५ ग्रॅम, तेल २७ ग्रॅम आणि दूध-दही ३०० मिली असं ताट दिलंय. आमचं बरोब्बर उलटं होतं, धान्य दुप्पट आणि भाजी पाव.

इथं एक गोष्ट बोलून टाकते कारण सगळीकडं ज्वारीचा जयजयकार चाललाय. ज्वारी चांगलीच, जतकडची शाळू असली तर चवीला तोड नाही. पण १०० ग्रॅम ज्वारीत फायबर साधारण १० ग्रॅम आणि चक्कीवरनं कोंड्यासकट दळून आणलेल्या गव्हाच्या पिठात ११. फरक पडतो तो पांढऱ्या तांदळाशी, त्यात तीनपेक्षा कमी. तेव्हा चपाती सोडून भाकरी धरली आणि चार खाल्ल्या तर शुगर चढणारच, ती बघत नाही की पीठ कशाचं. हे मी कुणाला सांगितलं की तोंड वाकडं करतात.

वाढायचा क्रम फिरवा

पहिला आठवडा मी काहीच बंद केलं नाही, फक्त वाढायची पद्धत बदलली. ताटात आधी कोशिंबीर किंवा घोळाणा (कच्च्या पालेभाजीची कोशिंबीर) आणि दोन वाट्या भाजी, मग उसळ किंवा घट्ट आमटी एक-दीड वाटी, आणि हे निम्मं संपल्यावरच भाकरी. भाकरी टोपल्यात टेबलावर ठेवायची नाही, आतच ठेवायची. आधी भाजी-डाळ आणि शेवटी धान्य असं खाल्लं तर जेवणानंतरची शुगर कमी चढते हे छोट्या अभ्यासांमध्ये दिसलंय, आणि आमच्या ग्लुकोमीटरवर मी स्वतः बघितलं, तेच जेवण, तेवढंच, क्रम फिरवला तर दोन तासांनी १९८ चं १७१. एकदाच करून बघितलं तर खरं मानू नका, मी चार वेळा केलं, तीनदा कमी आली आणि एकदा काहीच फरक नाही.

दुसऱ्या आठवड्यापासून भाकरी लहान. ९० चा उंडा ६० वर आणला, आकार तेवढाच ठेवून पातळ थापायची, म्हणजे ताटात डोळ्याला कमी वाटत नाही. मिस्टरांना महिनाभर कळलंच नाही. आत्यांना पहिल्याच दिवशी कळलं पण त्या बोलल्या नाहीत. दुपारी एक, रात्री एक किंवा अर्धी, भात आठवड्यातनं दोनदा आणि तोही आमटी जास्त भात कमी असा. जेवल्यावर दहा-पंधरा मिनिटं चालायचं, आमच्याकडं गल्लीतच चार फेऱ्या.

कडधान्य, हाच खरा कणा

वरनं आमटी म्हणून जे वाढतात त्यात डाळ असती किती? आमच्या आमटीत चौघांना एक मूठ तूरडाळ आणि बाकी पाणी. त्याला प्रोटीन म्हणायचं का? ३० ग्रॅम कोरड्या डाळीत किंवा कडधान्यात सातेक ग्रॅम प्रोटीन, म्हणजे मटण कमी करायचं असेल तर डाळ वाढवायलाच लागते, नुसतं मटण काढून टाकलं आणि तिथं बटाटा घातला तर काय उपयोग.

माझी पद्धत अशी आहे. रविवारी रात्री मटकी आणि बुधवारी रात्री हुलगा (कुळीथ) किंवा चवळी भिजत. मटकी आठ-दहा तास भिजवून पाणी पूर्ण निथळायचं, सुती फडक्यात सैल बांधायचं, उन्हाळ्यात बारा तासात मोड येतात आणि थंडीत दीड दिवस लागतो, तेव्हा पुरचुंडी पिठाच्या डब्यात ठेवते. फडकं ओलंगच्च राहिलं की बुळबुळीत होते आणि वास मारतो, तशी झाली तर टाकून द्या, धुवून वापरू नका. मोड आलेली मटकी फ्रीजमध्ये तीन दिवस राहते. हुलगा बारा तास भिजवायचा, कुकरला पाच-सहा शिट्ट्या, त्याचं वरचं पाणी काढून लसूण-जिऱ्याची फोडणी दिली की कट, आणि खालच्या हुलग्याची उसळ. पिठाचं माडगं तर थंडीत मामा मागून घेतात. शेंगोळ्या पण करते पण त्यात परत गव्हा-ज्वारीचं पीठ जातं हे लक्षात ठेवा.

साताऱ्याकडं कुणी जाणारं असलं तर कोरेगावचा वाघ्या घेवडा मागवा, जीआय म्हणजे त्या भागाच्या मालाचं सरकारी मानांकन मिळालेला आहे, भिजवून शिजवला की मऊ लोण्यासारखा होतो आणि पातळ आमटी करायची गरजच पडत नाही.

पोटात गॅस होतो ही तक्रार येणारच. पहिल्या दिवसापासून वाटीभर दिलं तर माणूस परत हात लावणार नाही. पहिल्या आठवड्यात चार चमचे, मग अर्धी वाटी, मग पूर्ण. भिजवलेलं पाणी फेकायचं, शिजवताना हिंग-ओवा-आलं, नीट मऊ शिजवायचं. सोडा नको, त्यात सोडियम असतं आणि मामांचं बीपी. आतड्याला सवय व्हायला तीनेक आठवडे लागतात, आत्यांना पाच लागले. आणि पाणी प्यायला पाहिजे, फायबर वाढवून पाणी नाही वाढवलं तर उलट जाम होतं.

अख्खा मसूर हा आपला इस्लामपूर-कराड पट्ट्याचा खास पदार्थ, मसूर म्हणून उत्तमच, पण ढाब्यावरचा तेलात पोहतो आणि बरोबर मैद्याची रोटी. घरी करा. मसूर न भिजवता पण होतो, कांदा-लसूण-खोबरं भाजून वाटण, चौघांना मिळून दोन चमचे तेल. तवंग येत नाही, पहिल्यांदा केला तेव्हा मिस्टर म्हणाले हे आजाऱ्याचं जेवण आहे का. काश्मिरी मिरची घातली की रंग येतो आणि बोलणं बंद होतं.

पालेभाजी आणि घोळाणा

४०० ग्रॅम भाजी म्हणजे किती हे मंडईत कळतं. चौघांना रोज दीड किलोच्या वर. एवढी निवडायची कुणी? म्हणून मी संध्याकाळी टीव्हीसमोर मामांना आणि मिस्टरांना बसवते, जुडी दोघांत एक. धुताना तीन पाण्यानं, मोठ्या पातेल्यात बुडवून वरनं उचलायची, माती खाली राहते. नळाखाली धरून काही निघत नाही.

मेथी, शेपू, तांदळी, पोकळा, चाकवत, अंबाडी, करडईची कोवळी पानं, हरभऱ्याची भाजी, हे सगळं आपल्याकडं बाजारात येतं आणि स्वस्त असतं. आणि घोळाणा तर करायलाच पाहिजे: कोवळी मेथी बारीक चिरून, कांदा, दाण्याचं कूट, लिंबू, चिमूट मीठ, तेल अर्धा चमचा, हातानं चोळायचं की झालं, गॅससुद्धा नको. लिंबू चवीपुरतं नाही, भाजीतलं-डाळीतलं लोह अंगाला लागायला व्हिटॅमिन सी लागतं. आणि जेवल्याजेवल्या चहा बंद, चहामुळं ते लोह अडतं. माझं हिमोग्लोबिन गोळ्या घेऊन पण हलत नव्हतं, चहा जेवणापासून दीड तास लांब नेला, लिंबू वाढवलं आणि गोळी पण चालू ठेवली, चार महिन्यात ११.४. कशानं किती वाढलं ते मी सांगू शकत नाही, तिन्ही एकदम केलं.

कृष्णाकाठची वांगी भाजून भरीत हा तर आयताच मेनू, तेल नाही लागलं तरी चालतं, दह्याऐवजी दाण्याचं कूट घाला नाहीतर दही घाला, तुमची मर्जी. आम्ही दूध-ताक सोडलं नाही, म्हैस घरची आहे, फक्त साय काढून घेते आणि ताक भरपूर.

तेल आणि मिठाचा हिशोब पिशवीवरनं

चमचे मोजून काही होत नाही, आत्या चमचा वापरतच नाहीत. मी डब्यावर तारीख लिहिली. पाच लिटरचा डबा चौघांत २४ दिवसात संपला, म्हणजे माणशी दिवसाला ४७ ग्रॅम, आणि पाहिजे २७. आता डबा ४० दिवसांच्या आत फोडायचा नाही असा नियम केलाय, तळण झालं की पुढचे दिवस आपोआप फोडणी बारीक होते.

मिठाचं तसंच. माणशी दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली ठेवा असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, म्हणजे एक सपाट छोटा चमचा, त्यात लोणचं-पापड सगळं आलं. या हिशोबानं एक किलोची पिशवी चौघांना ५० दिवस जायला पाहिजे, आमची २१ दिवसात खलास. त्यातलं काही भांडी घासायला-लोणच्याला गेलं असेल असं आत्या म्हणाल्या, तसं पण असेल, तरी दुप्पट आहे. भाकरीच्या पिठात मीठ बंद केलं (कुणाला कळलं नाही), ताटातली मिठाची वाटी काढली (सगळ्यांना कळलं), पापड आठवड्यातनं एकदा. सैंधव खाल्लं तर बीपी वाढत नाही असं कुणीतरी मामांच्या डोक्यात घातलंय, ते पण सोडियमच आहे. अमेरिकेत १९९७ मध्ये डॅश नावाचा प्रयोग छापून आला होता, भाज्या, फळं, कमी चरबीचं दूध वाढवलेल्या आहारानं बीपीच्या पेशंटचं वरचं बीपी सरासरी ११ नं उतरलं होतं, आणि तेही मीठ सारखंच ठेवून. एका गोळीइतकं झालं की हे.

गूळ, बेदाणे, आणि माहेरचा प्रेमळ डबा

माझं माहेर तासगाव, भावाचं बेदाण्याचं शेड आहे. दरवर्षी पाच किलोचा बॉक्स येतो आणि मी अभिमानानं सगळ्यांना वाटायची, साखरेपेक्षा चांगलं म्हणून. शंभर ग्रॅम बेदाण्यात साखर साठ ग्रॅमच्या वर असते. मूठभर म्हणजे ३० ग्रॅम धरा, चार चमचे साखर. मिस्टर येता जाता मूठ मारायचे. आता बॉक्स माझ्या ट्यूशनच्या पोरांना जातो, मिस्टरांना पाच-सहा दाणे.

गूळ म्हणजे रंग असलेली साखर. ऊस पिकवणाऱ्या जिल्ह्यात हे बोलायला धाडस लागतं पण आहे ते आहे. उसाचा रस, फळांचा ज्यूस बंद, फळ आख्खं खायचं, पेरू, जांभूळ, पपई, द्राक्षं दहा-बारा मोजून. चहाची साखर मी दर आठवड्याला अर्ध्या अर्ध्या चमच्यानं उतरवली, शून्यावर यायला दीड महिना लागला.

हळदीचं पण सांगते कारण आपण हळदीच्या गावचे. आत्यांचं माहेर हरिपूर, तिथं जमिनीत पेवं खणून हळद साठवायचे, २००५ च्या महापुरात त्यातली कितीतरी गेली, तो विषय निघाला की त्या अजून हळहळतात. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये जीआय मिळाला. पण हळदीतलं गुणकारी म्हणतात ते कर्क्युमिन असतं थोडं आणि पोटातनं रक्तात जातं त्याहून थोडं. आमटीत घाला, भरपूर घाला, फक्त हळदीचं पाणी पिऊन शुगरची गोळी सोडू नका. कर्क्युमिनच्या कॅप्सूल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोच, त्यानं लिव्हरला त्रास झाल्याच्या केसेस आहेत.

चटण्या

जवस, कारळं, तीळ, शेंगदाणा. आपल्याकडं हे काही शिकवायला नको. जवस मात्र भाजून कुटूनच, आख्खं खाल्लं तर जसंच्या तसं बाहेर पडतं आणि त्यातली ओमेगा ३ ची चरबी अंगी लागत नाही. कुटलेलं आठ दिवसात संपवा नाहीतर खवट होतं. चटणीत तेल ओतून खायची सवय मोडा, दाण्यातच निम्मं तेल आहे. दिवसाला दोन चमचे चटणी, मीठ निम्मं.

बी १२, हे मात्र पाल्यात मिळत नाही

झाडपाल्यातनं बी १२ मिळत नाही, कोणी काही सांगो. दूध-अंडी-मटणातनं मिळतं. वर मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी वर्षानुवर्षं घेतली की बी १२ अजून उतरतं. मिस्टरांना तळपायाला मुंग्या यायच्या, आम्ही धरून चाललो शुगरमुळंच, तपासलं तर बी १२ कमी, १४८. डॉक्टरांनी आधी इंजेक्शन मग गोळी दिली, दोन-तीन महिन्यात मुंग्या बऱ्याच कमी. मटण-दूध कमी करणाऱ्यांनी वर्षातनं एकदा ही तपासणी करायचीच. (मेटफॉर्मिनचं मूळ पण एका युरोपातल्या रानझाडात सापडलेल्या रसायनात आहे, हे वाचलं तेव्हा मला गंमत वाटली, झाडपाला आणि गोळी म्हणून आपण उगाच भांडत बसतो.)

माझ्या दोन चुका

पहिली. ताट बदलून नववा दिवस, रात्री मिस्टरांनी भात पण सोडला, मी खूश. पहाटे चारला घामानं ओलेचिंब, हात थरथरतायत, बोलणं तुटक. शुगर ५८. ग्लिमेपिराइडची गोळी जुन्याच जेवणाच्या हिशोबाची चालू होती आणि जेवण निम्मं झालं होतं. तीन चमचे साखर पाण्यात, पंधरा मिनिटांनी परत तपासलं, ८४, मग अर्धी भाकरी-दूध. ७० च्या खाली गेलं की हे असंच करायचं, तेव्हा गूळ-साखर वाईट म्हणत बसायचं नाही, आणि माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काही न घालता सरळ दवाखान्यात. सकाळी डॉक्टरांनी गोळी अर्धी केली आणि मला म्हणाले, सांगायचं तरी होतं सुरू करताना.

दुसरी जास्त वाईट. मामांना चांगलं व्हावं म्हणून मी रोज सकाळी पालक-टोमॅटोचा रस आणि दुपारी शहाळ्याचं पाणी द्यायला लागले. शिवाय दुकानातनं कमी सोडियमचं मीठ आणलं, बीपीला चांगलं असं लिहिलेलं. तीन आठवड्यांनी मामा म्हणाले पायात जीव नाही. रक्त तपासलं तर पोटॅशियम ६.१, ते ५ च्या आत पाहिजे. त्यांची किडनी आधीच कमी चालते, बीपीची टेल्मिसार्टन पोटॅशियम धरून ठेवते, आणि कमी सोडियमच्या मिठात सोडियमच्या जागी पोटॅशियमच घातलेलं असतं. हृदयाचे ठोके बिघडू शकतात याच्यानं. दोन दिवस ॲडमिट होते. मामा मला एका शब्दानं बोलले नाहीत, तेच जास्त लागलं.

तेव्हापासून मामांचं ताट वेगळं वाढते. भाजी सगळ्यांचीच, पण त्यांच्या वाटणीची चिरून भरपूर पाण्यात उकळते आणि पाणी फेकून मग फोडणी देते, त्यानं बरंचसं पोटॅशियम निघून जातं. शहाळं, केळं, टोमॅटोचा रस नाही. दुधी, दोडका, कोबी, पडवळ जास्त. उसळ त्यांना अर्धी वाटी, तेवढी डॉक्टरांनी ठरवून दिलीय. किडनीवाल्या प्रत्येकाचा आकडा वेगळा असतो, मामांचं ताट बघून तुम्ही तुमच्या वडिलांना वाढू नका.

रविवार, जत्रा आणि भडंग

मटण पूर्ण बंद केलं का, तर नाही. दर रविवारचं महिन्यातनं एकदावर आणलं, जत्रा वेगळी. रविवारी आता वांग्याचा किंवा हुलग्याचा रस्सा त्याच काळ्या मसाल्यात. २००६ मध्ये अमेरिकेतल्या डॉ. नील बर्नार्ड यांचा अभ्यास आला होता, ९९ डायबेटीसचे पेशंट, २२ आठवडे, निम्म्यांना पूर्ण झाडपाल्याचा कमी तेलाचा आहार आणि निम्म्यांना नेहमीचा डायबेटीसचा आहार. पहिल्यांचा एचबीए१सी ०.९६ नं उतरला, दुसऱ्यांचा ०.५६ नं. म्हणजे फायदा दोन्हीत, झाडपाल्यात जास्त. आम्ही अधेमधे कुठंतरी आहोत, पण दोन वर्षं टिकलोय.

पाहुणे आले की भडंग काढायचंच, सांगलीत राहून नाही म्हणता येत नाही. चुरमुऱ्याला तेल-मसाला-मीठ, शुगर आणि बीपी दोन्हीला नको तेच. मी घरी करते, चुरमुरे निम्मे आणि भाजलेले शेंगदाणे-फुटाणे निम्मे, तेल एक चमचा, भरपूर लसूण-कढीपत्ता, आणि वाटीत देते, डबा पुढं ठेवत नाही. लग्नात पंगतीला बसायच्या आधी घरनं वाटीभर उसळ खाऊन जायचं, मग जिलेबी एकच पुरते.

परत तपासणी कधी

एचबीए१सी तीन महिन्यांनीच, त्याच्या आधी करून पैसे घालवू नका, लाल पेशी साधारण १२० दिवस जगतात आणि त्यांच्यावरच ते मोजतात. मधल्या काळात ग्लुकोमीटर. मिस्टरांचा ८.४ वरनं तीन महिन्यात ७.४ आणि सात महिन्यात ६.८ झाला, वजन सहा किलोनं कमी. ग्लिमेपिराइड डॉक्टरांनी बंद केली, मेटफॉर्मिन चालू आहे आणि राहील. मामांचं क्रिएटिनिन होतं तिथंच आहे, पोटॅशियम दर दोन महिन्यांनी बघतो. आत्यांचं वजन फक्त दोन किलो उतरलं, त्या मैत्रिणींबरोबर भिशीला जातात आणि तिथलं मला सांगत नाहीत.

मागच्या आठवड्यात जेवताना मिस्टर वाटीतली मटकी संपवत होते आणि टोपल्याकडं न बघताच म्हणाले, "कोरड्यासाला भाकरी आण गं अर्धी." आत्या मान खाली घालून हसत होत्या. मी अर्धी आणली. साठच्या उंड्याची.